टीसी, एमजीए की एमजीबी? आधी आरसी बुक दाखवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही बाणेरला राहता, बजेट ठरलेलं आहे आणि समोर तीन एमजी आहेत, म्हणजे एमजी या इंग्लिश कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्‌स कार. पहिली कोल्हापूरकडच्या एका जुन्या घरातली १९४७ची टीसी. ती चकचकीत रिस्टोअर केलेली आहे आणि तिघींत सगळ्यात महाग आहे. दुसरी पुण्यातलीच १९५७ची एमजीए १५००, कागद चालू आहेत, पण इंजिन अँबॅसिडरचं. तिसरी १९७५ची एमजीबी, ती बर्मिंगहॅमचा मेहुणा पाठवून देतो म्हणतोय. चालवायला मजा यावी आणि दहा वर्षांनी विकायची वेळ आली तर पैसे बुडू नयेत, असं तुमचं म्हणणं.

एमजीए घ्या. पण मालक सांगतोय त्या किमतीला नाही.

मी नाना पेठेत पाने पुसण्यापासून सुरुवात केली, आता भोसरीत माझी शेड आहे. या तिन्ही मॉडेलांच्या खाली मी पाठीवर झोपलेलो आहे, त्यामुळे जे सांगतोय ते खालून बघून सांगतोय. वरून बघितलं तर तिन्ही सुंदरच दिसतात.

एमजीबीपासून सुरू करतो, कारण तिथे गाडीच्या आधी कायदा येतो. पूर्वी १९५०च्या आधीचीच जुनी गाडी बाहेरून आणता यायची. २०२५ साली हा नियम बदलला आणि ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी आणायची मुभा मिळाली. म्हणजे मेहुण्याची १९७५ची गाडी आत्ताच या मर्यादेत आली. इथवर ठीक. आता हिशेब करा. ड्युटी आणि बाकीचे कर मिळून गाडीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे जातात, वर जहाजाचं भाडं, एजंट, बंदरातला मुक्काम. तरीही एखादा म्हणेल, हौसेला मोल नाही. मान्य. पण गाडी इथे आली की तिची नोंदणी व्हिंटेज म्हणून होणार. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आणि ही गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. रोजच्या वापराला मनाई. रविवारी सकाळी सहजच पानशेतला जाऊन भजी खाणं यातल्या कुठल्या कलमात बसतं ते तुम्हीच सांगा.

उलट पुण्यातली एमजीए जन्मापासून इथे नोंदलेली आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर, आरटीओची एक चक्कर, की झालं. जुना तीन अक्षरी नंबर लावून ती बाकीच्या गाड्यांसारखी रस्त्यावर येते. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदवायची झालीच तर आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. माझ्या मते पुण्यात जुन्या स्पोर्ट्‌स कारची निम्मी मजा त्या आरसी बुकात असते. म्हणून कुणी गाडीचे फोटो पाठवले की मी आधी आरसीचा फोटो मागतो. लोकांना राग येतो.

एमजीबी गाडी म्हणून वाईट नाही. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती निघाली आणि पाच लाखांहून जास्त बनल्या. १७९८ सीसी, सरळ साधं इंजिन, आजही जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. पण मेहुण्याने पाठवायचं ठरवलंय ते साल चुकलंय. १९७४च्या अखेरीला अमेरिकेच्या नियमांपायी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीड इंच वर उचलली गेली. खर्च वाचवायला वळणावर गाडी कलू न देणारा पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला, तो १९७७च्या मॉडेलला परत आला. मधल्या दोन-अडीच वर्षांतल्या गाड्या वळणावर होडीसारख्या कलतात. इंग्लंडात रबर बंपर स्वस्त मिळते ती याच कारणाने, आणि मेहुणा 'बघ काय भाव लागलाय' म्हणून फोन करतो तोही याच कारणाने. ड्युटी भरून ती इथे आणली तरी जगाच्या बाजारात ती रबर बंपरच राहते. १९६७ नंतरची, चारही गिअरना सिंक्रो (दात न घासता गिअर पडायची सोय) असलेली क्रोम बंपर असती तर मी थोडा विचार केला असता. आणि कधी बघायला गेलात तर दाराखालची सिल, म्हणजे उंबऱ्याचा पत्रा, बघा. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही, तो पत्राच गाडी पेलतो. मागच्या बाजूला जॅक लावून चाक उचला आणि दाराच्या फटीवर नजर ठेवा. फट मिटत आली किंवा दार अडकलं तर आत लांबी (पुट्टी) आणि रंग आहे, लोखंड नाही.

आता टीसी. इथे मला जपून लिहावं लागेल, कारण ही माझी आवडती गाडी आहे आणि तरीही मी तुम्हाला ती घेऊ नका म्हणतोय.

टीसी १९४५ ते १९४९ बनली, दहा हजारांच्या आसपास. फक्त उजव्या हाताचं स्टिअरिंग, म्हणून आपल्याकडे आली तशीच चालली. इंजिन १२५० सीसी, ५४ हॉर्सपॉवर. एकोणीस इंची तारांची चाकं, लांब बॉनेट, कोपर बाहेर काढता येईल असं कापलेलं दार. ड्रायव्हरसमोर मीटर आहे तो आरपीएमचा, स्पीडोमीटर शेजारच्याच्या पुढ्यात. म्हणजे वेगाची काळजी बायकोने करायची, अशी बहुधा बनवणाऱ्यांची कल्पना असावी. बॉडीचा सांगाडा लाकडाचा, ॲश नावाच्या झाडाचा, त्यावर पत्रा. आपल्या चार महिन्यांच्या पावसाला हे लाकूड फार आवडतं. कोल्हापूरची गाडी बघायला गेलात तर दार अर्धं उघडा, टोकाला धरून वर उचला. बिजागरीसकट अख्खा खांब हलला तर वरचा रंग कितीही आरशासारखा असो, आत लाकडाचा भुगा झालाय.

या इंजिनाची एक खोड सांगतो, ती मला महागात पडली होती. एमजी मॉरिसच्या घरातली, आणि मॉरिसचा इंजिन कारखाना मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, यंत्रं त्यांची. त्यामुळे इंजिन इंग्लिश, पण बोल्टचे आटे मेट्रिक. आणि डोकी? डोकी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाची, कारण इंग्लंडातल्या मेकॅनिककडे पाने तेच. बरं, मेट्रिक म्हणजे आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारंही नाही. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला सव्वा मिलिमीटरचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतो, याला एकचा. मी तेव्हा पंचविशीत होतो. संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या तसराळ्याचा, एक बोल्ट हरवला, मी जुन्या बाजारातून तसाच दिसणारा आठचा आणला. दोन आटे गुमान गेला. मग घट्ट झाला. मला वाटलं, जुना रंग अडतोय. पान्याला पाइप लावला आणि जोर केला. बोल्टचं डोकं हातात आलं, उरलेला ब्लॉकमध्ये. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी हँडड्रिल माझ्या हातात दिलं आणि चहाला गेले. तो तुकडा काढायला मला दोन दिवस लागले. आजही टीसी शेडमध्ये आली की सुटे बोल्ट मी स्वतः मोजून डब्यात ठेवतो, पोरांच्या हातात देत नाही.

चालवायला टीसी म्हणजे प्रकरण आहे. पुढे-मागे दोन्हीकडे सरळ ॲक्सल, टायर अरुंद, स्टिअरिंगला थोडी ढिलाई असणारच. ताम्हिणीच्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाला शंभरची मजा येते. पण खडबडीत डांबरावर ती वळणात उड्या मारत बाहेर सरकते, आणि तुम्ही सतत छोट्या छोट्या दुरुस्त्या करत राहता. ज्याला हे जमतं त्याला दुसरी गाडी आवडत नाही. तुम्ही पहिल्यांदाच जुनी गाडी घेताय. तासाभराने खांदे भरून येतील, पुढच्या रविवारी गाडी घराबाहेर निघणार नाही, आणि सहा महिन्यांनी कव्हरखाली जाईल. शिवाय कोल्हापूरच्या गाडीवर कुणीतरी नुकताच भरपूर पैसा ओतलाय आणि तो सगळा तुमच्याकडून वसूल करायचाय. चकचकीत रिस्टोअर केलेली गाडी चालवली की तिची किंमत उतरते आणि न चालवली की मजा उतरते. टीसीचा भाव पडणार नाही, हे खरं. पण तो भाव सांभाळायला तुम्हाला ती जपून ठेवावी लागेल. मग चालवणार कधी?

'कलेक्टर व्हॅल्यू' हा शब्द तुम्ही पत्रात चार वेळा लिहिलाय म्हणून एक सांगतो. चांगली चालते म्हणून गाडी महाग होत नाही. मर्सिडीजची १९० एसएल बघा. १९५५ ते १९६३मध्ये २५,८८१ बनल्या, १०५ हॉर्सपॉवर, वजन भरपूर, आणि तिचे दोन सोलेक्स कार्बुरेटर लावून दिले की मेकॅनिकला तीर्थयात्रेचं पुण्य मिळतं. चालवायला ती रविवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून हळूच फिरणारी बाई आहे. पण भाव बघाल तर डोळे फिरतील, कारण तोंडवळा ३०० एसएलचा, आणि पंखांसारख्या वर उघडणाऱ्या दारांच्या ३०० एसएल फक्त १,४०० बनल्या. नात्याचा भाव आहे तो. त्याच घराण्यातली ३०० एसएलआर कूपे, जगात दोनच, त्यातली एक २०२२ साली साडेतेरा कोटी युरोला गेली. किंवा एमजीएचीच ट्विन कॅम घ्या. त्या काळी पिस्टन जाळणारी म्हणून इतकी बदनाम झाली की २,१११ गाड्यांवर कंपनीने नाद सोडला. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून कमी बनल्या, आणि कमी बनल्या म्हणून आज सगळ्या एमजीएंमध्ये तीच सगळ्यात महाग.

तेव्हा तुमच्या बजेटात भाव टिकतो तो तीन गोष्टींवर: मूळ पत्रा, मूळ नंबरांचे भाग आणि तुटक नसलेले कागद. यातली मधली गोष्ट तुमच्या एमजीएमध्ये नाही. म्हणूनच ती तुम्हाला परवडतेय.

या इंजिनाचं नीट समजून घ्या, कारण सौदा इथेच आहे. एमजीए १५००चं इंजिन बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज, १४८९ सीसी. आपली अँबॅसिडर १९५९पासून ज्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनावर चालली तेही बी-सिरीज, तेही १४८९ सीसीच. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक कॉलेजात गेली, एक शेतावर राहिली. सत्तरच्या दशकात बाहेरून भाग आणणं अवघड होतं. एमजीएचा ब्लॉक तडकला किंवा क्रँक गेला की लोक सरळ अँबॅसिडरचं इंजिन टाकायचे, आणि ते बसायचंही. ठोकाठोक फार नाही, म्हणून याला मी पाप म्हणत नाही. फरक पडतो तो वरच्या भागात. एमजीएला एसयू कंपनीचे दोन कार्बुरेटर, जास्त कॉम्प्रेशन, वेगळा कॅम, ७२ हॉर्सपॉवर. अँबॅसिडरच्या ठेवणीत तेच पन्नासच्या आसपास घुटमळतं.

गिअरबॉक्स मात्र बघून घ्या. अँबॅसिडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, एमजीएचा खाली, बोटभर हलणारा छोटा दांडा. तुमच्या गाडीत खालीच दांडा आहे असं तुम्ही लिहिलंय, पण तो लांब आणि पिठल्यात फिरणाऱ्या डावासारखा ढिला असेल तर कुणीतरी अँबॅसिडरच्याच बॉक्सवर जुगाड केलाय. तसं असेल तर सौदा सोडा. मूळ एमजी बॉक्स असेल तर पहिल्या गिअरला सिंक्रो नाही हे लक्षात ठेवा. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे मध्ये न्यूट्रल करून क्लच दोनदा दाबायचा. एसटीचे जुने ड्रायव्हर ओळखीचे असतील तर एका चहात शिकवतील.

आता चालवण्याबद्दल. सकाळी साडेसहाच्या आत खडकवासला ओलांडा, खानापूरवरून पाबे घाटाला लागा. या घाटात वळणं अशी आहेत की एमजीए दुसऱ्या-तिसऱ्यातच राहते. तिसऱ्यात ती चाळीसवरून सत्तरला जाते तेव्हा एक्झॉस्टचा आवाज डोंगरावरून परत येतो. टीसीनंतर हिच्या स्टिअरिंगचा हात लागला की हसू येतं. रॅक-पिनियन आहे, तळहाताला रस्ता कळतो, खडा चाकाखाली आला तर डाव्या की उजव्या हेही कळतं. वजन नऊशे किलोच्या आसपास. ब्रेक चारही ड्रम, डिस्क नंतरच्या एमजीए १६००ला आल्या, म्हणून उतारावर इंजिनाचा वापर करायला शिका. सलग दाबून ठेवलेत तर खाली पोचेपर्यंत पेडल मऊ होईल. दाराला बाहेरून हँडल नाही, काच नाही, फक्त बाजूचे पडदे. पावसाळ्यात भिजाल. फरशी प्लायवुडची असते, ती नवी टाकणं कुठल्याही सुताराचं काम. गंज बघायचा तो दाराच्या पुढच्या खांबाच्या पायाशी आणि चॅसिसच्या त्या भागात जिथे फरशी टेकते.

एप्रिल-मेमध्ये चांदणी चौकात अडकलात तर ती बंद पडेल, आधीच सांगून ठेवतो. कार्बुरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, वर-खाली. उभ्या गाडीत पेट्रोल उकळतं. बॉनेट उघडा, दहा मिनिटं थांबा, फोटो काढणारे येतील, त्यांच्याशी बोला, मग सुरू होईल. आणि एखाद दिवशी किल्ली फिरवल्यावर मागून टिक-टिक आवाज आलाच नाही तर घाबरू नका. तो एसयूचा इलेक्ट्रिक पंप, आत पॉइंट आहेत, ते काळे पडतात. पान्याच्या मुठीने हलकेच एक टिचकी मारा. टिक-टिक सुरू झाली की घरी या आणि पॉइंट साफ करा. टिचकीवर वर्ष काढणारे लोक मला माहीत आहेत, त्यातला एक टोलनाक्यावर अडकला.

पेट्रोलचंही बघावं लागेल. शिशाचं पेट्रोल २००० साली गेलं आणि व्हॉल्व्हच्या सीट झिजू न देणारं शिसंही गेलं, त्यामुळे हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का विचारा, नसतील तर रिबोअरच्या वेळी लेथवाल्याकडून बसवून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल आहे. जुने रबरी पाइप त्याने मऊ पडून फाटतात, आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर गळणं ही गंमत नव्हे. सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, कार्बुरेटरच्या निडल-व्हॉल्व्ह आणि पंपाचा डायफ्रामही बदला. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी महिना-महिना उभी करू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

मित्रांपैकी कुणीतरी ट्रायम्फ स्पिटफायर सुचवेलच. स्वस्त आहे, देखणी आहे, आणि मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डशी तिचं जवळचं नातं असल्याने खालचे बरेच भाग देशातच सापडतात. पुढच्या ट्रनियनला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला, ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं, हे ज्या मालकाला माहीत नाही त्याच्याकडून घेऊ नका. ग्रीसमुळे आत गंज धरतो आणि एक दिवस चाक आडवं होतं. जुन्या मॉडेलचा मागचा स्विंग ॲक्सल घाटात ब्रेक मारला की चाक आत दुमडतो. दुसरी गाडी म्हणून ठीक.

तर सौदा कसा करायचा. मालकाला म्हणा, एमजीएच्या बाजारभावातून मूळ इंजिनाचं मोल वजा करा. तो म्हणेल, इंजिन तेच आहे हो, बी-सिरीजच. तुम्ही म्हणा, मग नंबर दाखवा. एमजीएच्या मूळ इंजिनाच्या नंबरात सुरुवातीला १५जी सापडतं, अँबॅसिडरच्या ब्लॉकवर नाही. त्यानंतर इंग्लंडात गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. चॅसिस नंबर कळवला की कारखान्याच्या नोंदीतून मूळ इंजिन नंबर, रंग, बनल्याची तारीख आणि गाडी कुठे पाठवली ते लिहून येतं. मेहुण्याला हे काम द्या, त्याचाही मान राहील.

तो नंबर हातात आला की गाडीच्या आधीच्या मालकांची नावं आरसीवरून काढा आणि एकेकाच्या घरी जा. इंजिन बदललेल्यांनी जुनं इंजिन भंगारात दिलं असेलच असं नाही. मी स्वतः एक एमजीएचा ब्लॉक कर्वे रोडजवळच्या बंगल्यात मागच्या पडवीत बघितलाय. त्यावर पाण्याची टाकी ठेवली होती. म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "हे न्याल तर टाकीखाली काय ठेवू?" आम्ही चार विटा आणून दिल्या.

सापडला नाही तरी गाडी चालवायला काही अडत नाही, फक्त दोन एसयू कार्बुरेटर आणि त्यांचं मॅनिफोल्ड शोधा, हेडचं काम करून घ्या, फरक पाबे घाटातच कळेल. बघायला जाताना मला फोन करा. आणि सीटच्या मागचं पॅनल उघडून दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या बघा. त्यांच्याखालचे ट्रे सडके निघाले तर घासाघीस तिथूनच सुरू करू.